बसला की आपल्याएवढा

तुळशीच्या लग्नाला आमच्याकडे पंगत होती आणि ओसरीवर पोरांची एक ओळ बसली होती. ताक वाढायचं काम माझ्याकडे होतं. वाढणाऱ्याला, बरं का, पोरांचे चेहरे कमी दिसतात आणि डोकी जास्त दिसतात. वाटीकडे बघत, वाकून पुढे सरकत राहायचं, की एकामागोमाग एक टाळू डोळ्यांखालून जातात. त्या दिवशी दहाबारा डोकी होती, सगळी कशी एका पातळीत, जणू गवंड्याने दोरी धरून बसवलेली. मग जेवणं झाली, पोरं हात धुवायला उठली, आणि त्या ओळीतलं एक डोकं एकदम बाकीच्यांच्या छातीशी आलं. तो माझ्या मावसभावाचा नातू, आठ वर्षांचा, पहिल्यांदाच आमच्याकडे आलेला.

रात्री वीज गेली. कंदील मध्ये ठेवून आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा माझी नात म्हणाली, "आबा, हा बसला की आमच्याएवढा आणि उभा राहिला की लहान. असं कसं?" तिची आई डोळे वटारू लागली, पण तो पोरगाच शेंगा चघळत म्हणाला, "मलापण सांगा आबा." आता ज्याची उंची तोच विचारतोय म्हटल्यावर सांगायला हवंच. आणि पोरीने विचारलं होतं ते असं नेमकं, की मोठमोठे डॉक्टरसुद्धा उंचीच्या तपासणीत हेच बघतात: बसून किती, उभं राहून किती.

तर ऐका. आधी एका कोंबडीच्या पिलाची गोष्ट.

इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाचा एक पाद्री होता. प्रार्थना सांगून झाली की झाडांच्या फांद्यांत रस कुठवर चढतो ते मोजत बसायचं, असा त्याचा स्वभाव. १७२७ साली त्याचं पुस्तक छापून आलं, त्यात त्याने लिहिलंय की एक अर्धवट वाढलेलं पिलू घेतलं, त्याच्या पायाचं हाड दोन इंच लांब होतं, त्या हाडाला टोकदार लोखंडाने अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन बारीक भोकं पाडली आणि पिलाला सोडून दिलं. दोन महिन्यांनी बघतो तर हाड इंचभर वाढलेलं, आणि भोकं? भोकं जिथल्या तिथे, अर्ध्याच इंचावर! हाड रबरासारखं ताणलं असतं तर भोकंही दूर गेली असती ना? म्हणजे मधलं हाड गप्प बसून होतं आणि वाढ झाली ती टोकांकडे. परसातल्या आंब्याला मी शाळेत असताना दप्तर अडकवायला खिळा ठोकला होता. झाड आता घराच्या कौलांवर गेलं, पण खिळा अजून माझ्या कमरेशीच आहे, तो काही शेंड्याबरोबर वर गेला नाही. हाडाचं तसंच.

पुढची गोष्ट एका जेवणाची. लंडनमध्ये जॉन बेल्चियर म्हणून एक शल्यवैद्य होता, तो एका कापड रंगवणाऱ्याच्या घरी जेवायला गेला. ताटात डुकराचं मटण आलं, आणि बघतो तर हाडं लालभडक! मांस नेहमीसारखं, हाड तेवढं लाल. दुसरा कोणी असता तर ताट बाजूला सारून उठला असता. याने यजमानाला विचारलं, ही जनावरं खातात काय? तेव्हा कळलं, की आपल्या मंजिष्ठेची तिकडची बहीण आहे, तिच्या मुळ्यांच्या लाल रंगात कापड रंगवायचे, आणि त्या रंगात माखलेला कोंडा डुकरांना घालायचे. ही १७३६ ची गोष्ट. मग लोकांनी मुद्दाम जनावरांना मंजिष्ठ चारून बघितली, तर काय दिसावं? त्या दिवसांत जे हाड नव्याने घडतं तेवढंच लाल होतं, जुनं पांढरंच राहतं. हाड कधी, कुठे घडलं ते जनावराच्या अंगातच लाल शाईने लिहून ठेवल्यासारखं झालं की नाही!

आता टोकाशी काय चालतं ते सांगतो, आणि त्यासाठी तुम्हांला चुलीपाशी यावं लागेल.

लांब हाडाच्या टोकाजवळ, सांध्याच्या जरा अलीकडे, कूर्चेची एक पातळ चकती असते. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं ना, वाकतं पण मोडत नाही, तसलं मऊ हाड. या चकतीत पेशी कशा रचलेल्या असतात, तर भाकरीच्या चवडीसारख्या. चपट्या पेशी, एकीवर एक, एकीवर एक, अशा शेकडो चवडी शेजारी शेजारी उभ्या. वरच्या अंगाला नव्या भाकऱ्या थापल्या जातायत, म्हणजे एका पेशीच्या दोन होतायत, आणि खालच्या अंगाला? निखाऱ्यावर टाकलेली भाकरी कशी टम्म फुगते, तशी शेवटची पेशी फुगते, चांगली दसपट होते. या फुगण्यानेच हाडाचं टोक पुढे ढकललं जातं. आपली सगळी उंची, पैलवानाची असो की न्हाव्याची, ही अशी फुगलेल्या भाकऱ्यांनी दिलेली आहे. फुगून झालं की त्या पेशीचं काम संपतं, ती मरून जाते, आणि मागून हाड घडवणारे गवंडी येतात. तिने मागे ठेवलेल्या सांगाड्यावर ते चुना भरतात. लहान मुलाचा एक्स-रे काढला की सांध्याजवळ काळी फट दिसते, आणि एखादी आई घाबरते, हाड मोडलं म्हणून. ते मोडणं नसतं, तिथे चवड रचणं चाललेलं असतं.

माझी आजी म्हणायची, पोरं झोपेत वाढतात. तिला कोणी शास्त्र शिकवलं नव्हतं. पण अमेरिकेत विस्कॉन्सिनला कोकरांच्या नडगीत अगदी बारीक मोजयंत्रं बसवून हेच मोजून पाहिलं, २००४ साली ते छापून आलं: कोकरू उभं असताना, चरताना हाड जवळजवळ वाढतच नाही, नव्वद टक्के आणि त्याहून जास्त वाढ होते ती ते आडवं पडल्यावर. अंगाचा भार चकतीवरून उतरला की भाकऱ्यांना फुगायला जागा मिळते. हे ऐकून तो पोरगा लगेच माझ्या मांडीवर आडवा झाला.

पण हे फुगणं असं मोकाट चालू राहिलं तर? आपण ताडाच्या झाडाएवढे होऊ. म्हणून चकतीला ब्रेकही दिलेला आहे. घाटात गाडी उतरवताना पाय कसा ब्रेकवर ठेवायचा, दाबायचा, सोडायचा, तसा. पेशीच्या अंगावर एक प्रथिन बसलेलं असतं, दाराच्या बेलसारखं. त्याचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला एफजीएफआर-३ म्हणतात. बाहेरून निरोप आला, बेल वाजली, की आत हुकूम जातो: हळू, भाकऱ्या जरा बेताने थापा. निरोप संपला की बेल गप्प. ज्या उंदरांत ही बेल मुळीच नव्हती त्यांची हाडं भलतीच लांबली, हे १९९६ साली दिसून आलं. यावरून ब्रेकच तो, अशी खात्री पटली.

आता या पोराच्या अंगात काय झालंय? ही बेल दाबलेलीच राहते. कोणी येवो न येवो, आत हुकूम जातच राहतो: हळू, हळू. त्याच्या हाडाला खाणं कमी पडलेलं नाही, दूध कमी पडलेलं नाही. ब्रेक जरा जास्त लागलाय, एवढंच. याला अकॉन्ड्रोप्लेझिया म्हणतात. ज्या हाडाला लांबचा पल्ला गाठायचा त्याला हा ब्रेक सगळ्यांत जास्त जाणवतो, मांडीच्या आणि दंडाच्या हाडाला तर फारच. पाठीचा कणा मात्र खूप मणक्यांत थोडीथोडी वाढ वाटून घेतो, त्याला तितका धक्का बसत नाही. म्हणून पंगतीत बसला की डोकी एका ओळीत! नातीने एकदम टाळीच वाजवली.

"आणि माझं कपाळ?" तो म्हणाला. त्याचं कपाळ पुढे आलेलं, मोठं, राजबिंडं. त्याचीही गंमत आहे. डोक्याची वरची कवटी या भाकरीच्या चवडीतून घडतच नाही, ती एका पातळ पडद्यातून सरळ हाड होत जाते, तिला या ब्रेकशी काही देणंघेणं नाही, ती ऐसपैस वाढते. कवटीचा तळ मात्र कूर्चेतून घडतो, तो आखडतो. मग त्याने हात कंदिलापुढे धरला आणि बोटं पसरून दाखवली: मधलं बोट आणि त्याच्या शेजारची अनामिका यांच्यात फट, त्यामुळे भिंतीवर सावली पडली ती हुबेहूब त्रिशूळाची. बाकीची पोरं आपापली बोटं तशी करायला बघत होती, एकालाही जमेना.

इतका वेळ त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात धुतलेला तांब्या होता, तो ती पुसतच होती, पुसतच होती. मला माहीत होतं, तिच्या घरच्या थोरल्यांनी तिला आठ वर्षं काय ऐकवलंय ते. गरोदरपणी ग्रहणात तू विळी हातात घेतलीस, म्हणून लेकराचे हातपाय आखूड झाले. म्हणून पुढची गोष्ट मी जरा मोठ्याने सांगितली, दारापर्यंत पोचेल अशी.

आपल्याकडे 'ध चा मा' म्हणतात. नारायणराव पेशव्यांच्या वेळची ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे, 'धरावे' असं लिहिलेलं, एका अक्षराने 'मारावे' झालं. माणसाच्या पेशीत जी पोथी असते तिच्यात अशी तीनशे कोटी अक्षरं आहेत. १९९४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात जॉन वॉस्मुथ यांच्या चमूने शोधून काढलं की चौथ्या गुणसूत्रावर, त्या बेलच्या जनुकात, ११३८ व्या जागी एक अक्षर बदललेलं असतं. जवळजवळ प्रत्येकाच्यात तेच अक्षर, त्याच जागी! पोर नाशिकचं असो, जपानचं असो, ब्राझीलचं असो. एवढ्या मोठ्या पोथीत एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा तीच चूक व्हावी, यासारखं नवल मी दुसरं ऐकलेलं नाही. फरक इतकाच, की नारायणरावांच्या काकूने, आनंदीबाईने अक्षर बदललं म्हणतात ते जाणूनबुजून. इथे कोणीच बदललेलं नसतं. पोथीची नक्कल उतरवताना ते आपोआप बदलतं.

आणि ती नक्कल कोणाकडची? अशी दहा मुलं घेतली तर त्यांतल्या आठांचे आईबाप नेहमीच्या उंचीचे असतात, आणि अशा मुलांत तपासून पाहिलं तेव्हा तो नवा बदल बापाकडून आलेल्या बीजात सापडला. बायकांची बीजं जन्माआधीच तयार होऊन बसलेली असतात. पुरुषांची आयुष्यभर नव्याने घडत राहतात, नकलेवर नक्कल, नकलेवर नक्कल, आणि वय वाढेल तसा असा बदल होण्याचा संभव वाढतो. म्हणजे ग्रहण नाही, विळी नाही, नजर नाही. आईचा यात काडीइतका दोष नाही, आणि बापाचाही नाही, कारण त्यानेही काही केलेलं नाही. सुमारे पंचवीस हजार जन्मांत एकदा असं होतं, राजाच्या घरी होतं, रंकाच्या घरी होतं. मी थांबलो. तिने तांब्या खाली ठेवला आणि कंदिलाजवळ येऊन बसली. तिच्या लेकाने मुठीतल्या चार शेंगा तिच्या पदरात टाकल्या.

राजावरून आठवलं. इजिप्तमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वी सेनेब नावाचा एक मोठा अधिकारी होता, पुरोहितही होता, आणि अगदी याच बांध्याचा होता. गिझाच्या पिरॅमिडांजवळ त्याच्या कबरीत १९२६ साली एक दगडी मूर्ती सापडली. चित्रात नीट बघण्यासारखी आहे. तिकडची रीत अशी, की नवराबायको चौरंगावर शेजारी शेजारी बसलेले आणि पाय खाली सोडलेले. सेनेबचे पाय खालपर्यंत कसे पोचणार? तर शिल्पकाराने त्याला मांडी घालून बसवला, छाती पुढे, हात बांधलेले, ऐटीत. बायकोचा एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा त्याच्या दंडावर. आणि पायांची जी जागा रिकामी राहिली तिथे, बरोबर दोन पायांच्या जागी, त्याची दोन लेकरं उभी केली, एक मुलगा, एक मुलगी, तोंडात बोट घालून. काही लपवलं नाही, काही उणं दाखवलं नाही. त्या कारागिराला माझा नमस्कार आहे.

हाडांचे जन्मजात विकार पुष्कळ आहेत, शेकड्यांनी आहेत, सगळे काही ब्रेकचे नसतात. एक दोराचा आहे. हाडात नुसता चुना असता तर ते खडूसारखं मोडलं असतं. त्याच्या आत कोलॅजेन नावाचा दोर असतो, तीन पदरी, पीळ घातलेला. घायपाताचा दोर वळताना मध्ये बारीकसा खडा अडकला तर पुढे सगळा पीळ सैल पडतो, बघितलंय ना? कोलॅजेनच्या पिळात आतल्या बाजूला जागा इतकी अरुंद, की दर तिसऱ्या घरात सगळ्यांत लहान मणीच बसू शकतो, त्याचं नाव ग्लायसीन. एका जागी जरी त्याच्याऐवजी मोठा मणी आला तरी पीळ बिघडतो, मग हाड कुशीवर वळतानासुद्धा मोडू शकतं. अशा मुलांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पुष्कळदा निळसर झाक मारतो, आणि वारंवार मोडून, वाकून उंचीही खुंटते. लोक आईबापांकडे संशयाने बघतात, पोराला मारलं का म्हणून. जे लेकराला कापसात ठेवल्यासारखं जपतात, त्यांच्यावर हा आळ येतो. याच्याइतका अन्याय नाही.

आता औषध आहे का, हे पोरं विचारणारच. त्याची गोष्ट पुन्हा डुकरापाशी येते, म्हणूनच मला ती आवडते. १९९० साली जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत एक छोटं प्रथिन सापडलं, सीएनपी. पुढे क्योटोत बघितलं, तर हे प्रथिन हाडाच्या चकतीत त्या ब्रेकच्या बरोबर उलट काम करतं. अकॉन्ड्रोप्लेझिया असलेल्या उंदरांना ते भरपूर मिळालं तेव्हा त्यांची हाडं पुन्हा लांबू लागली. पण अंगातलं सीएनपी काही मिनिटांत विरून जातं. म्हणून त्याला जरा टिकाऊ करून व्होसोरिटाइड नावाचं औषध बनवलं, ते २०२१ साली युरोपात आणि अमेरिकेत मान्य झालं. रोज एक सुई, चकत्या उघड्या असेपर्यंत, म्हणजे हाडं वाढत असेपर्यंत. १२१ मुलांवर वर्षभर तपासलं, तेव्हा औषध घेतलेली मुलं न घेतलेल्यांपेक्षा वर्षाला सुमारे दीड सेंटिमीटर जास्त वाढली. औषध फार महाग आहे. आणि या बांध्याची कितीतरी मोठी माणसं म्हणतात, आम्हांला उंची वाढवायची नाही, आम्हांला बसची पायरी खाली हवी, फळ्याचा खडू हाताला यायला हवा. मला दोन्ही बोलणी पटतात. ज्याचं त्याने ठरवावं.

मात्र घरात असं बाळ जन्मलं तर दोन गोष्टी टाळू नका, हे मी तुम्हां वाचणाऱ्यांनाच सांगतो. कवटीचा तळ आखडतो म्हणालो ना, त्या तळातल्या ज्या भोकातून मज्जारज्जू खाली उतरतो ते भोकही अरुंद असतं. बाळ झोपेत श्वास थांबवतंय, घोरतंय, हातपाय ढिले सोडतंय, असं वाटलं तर मुलांच्या डॉक्टरांकडे लगेच न्या, आणि काही नाही वाटलं तरी पहिल्या वर्षात हे तपासून घ्या. दुसरं, असं बाळ मान आणि बसणं उशिरा धरतं, त्याला घाई करून उशांत बसवू नका आणि फार वेळ झोळीत टाकून ठेवू नका, पाठीला कुबड धरतं. ते त्याच्या वेळेला बसेल, त्याच्या वेळेला चालेल, आणि बुद्धीला काही कमी नसतं. अंगणवाडीतल्या भिंतीवरचा तक्ता त्याच्यासाठी नाही, तिथे ते नेहमी लाल पट्ट्यातच दिसेल आणि आईला उगाच पोषणाबद्दल ऐकावं लागेल. अशा मुलांचे वाढीचे वेगळे तक्ते १९७८ पासून आहेत, डॉक्टरांकडे ते मागून घ्या. मोठेपणी पुरुष सुमारे १३१ सेंटिमीटर, बायका सुमारे १२४, हे सरासरीचं माप आहे. आपलं लेकरू वाढतंय का, ते त्या मापाच्या रेघेवर बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा उठल्या उठल्या देवघराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. आमच्या चौकटीवर तीन पिढ्यांच्या कोळशाच्या रेघा आहेत. सकाळीच मोजायचं, असं मीच रात्री सांगितलं होतं, कारण दिवसभर कण्यातल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर कमी भरतो. त्याची उभ्याची रेघ काढली, ९८ सेंटिमीटर भरली. मग तो म्हणाला, बसून पण काढा. तो आणि माझी नात, दोघंही चौकटीला पाठ लावून खाली बसले. दोघांना मिळून एकच रेघ पुरली.